घोडा पळवून आणल्यावर अंगावरचा घाम ओढून काढायला कुठली पट्टी घ्यावी, प्लॅस्टिकची की अॅल्युमिनियमची?

कुठलीही घ्या हो, फक्त कडेला मऊ रबर असलेली बघा, गुडघ्याखाली नुसता पत्रा ओढला की जनावर पाय झाडतं. पण मला खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य, "पाणी मारत नाही, तापलेल्या घोड्याचे स्नायू आखडतात म्हणतात." ह्याच्यावरनं माझं आणि आमच्या मामांचं वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

मी वाईचा, मामा तासगावकडचे. एप्रिलचं ऊन, मामांच्या पोरानं कुमैत घोडी डांबरी रस्त्यानं दामटून आणली, मांड्यांत पांढरा फेस, नाकपुड्या ताणलेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलतायत. आणि मामांनी काय केलं, तर खोगीर उतरवून वर गोणपाट टाकलं, "वारं लागंल" म्हणून! अहो, वारंच तर लागायला पाहिजे. घाम वाळतो तेव्हा अंगातली उष्णता जाते, वरनं पोतं टाकल्यावर ती जाणार कुठनं? मी गोणपाट ओढून फेकलं आणि हौदातनं बादल्या भरभरून मान, छाती, पाठ, पुठ्ठे सगळीकडं ओतत राहिलो, मधेच सावलीत चार पावलं फिरवायची, परत पाणी. मामा मागनं ओरडतायत, आखडंल, आखडंल. काही आखडली नाही. श्वास खाली आला, संध्याकाळी चंदीचा तोबरा रिकामा केला तिनं. तरी मामा आजही पाहुण्यांत सांगतात, नशिबानं वाचली. नशिबानं नाही मामा, पाण्यानं वाचली.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी, तिथल्या दमट उन्हाळ्यात घोड्यांचं कसं होणार म्हणून, गार पाण्याचे मुद्दाम प्रयोग झालेत आणि त्यात आखडण्याची भीती खरी ठरली नाही. आता तर मोठ्या स्पर्धांत दर बादलीनंतर पट्टी मारत बसू नका, ओतत राहा असंच सांगतात, तेवढ्या वेळात अजून पाणी पडतं. पट्टी शेवटी एकदा, निथळायला.

हां, हे तासगाव-जतच्या उन्हाचं झालं. पाचगणीला टेबललँडवर श्रावणातल्या धुक्यात बादल्या ओतू नका, तिथं हवा गार, ओलं अंग लवकर वाळत नाही आणि घोडा कुडकुडायला लागतो. तिथं पट्टी, मग वाळक्या गवताचा बोळा करून जोर लावून चोळायचं, वर हवा खेळेल अशी पातळ झूल. खरारा, म्हणजे ब्रशनं घासणं, अंग वाळल्यावरच. आणि तंगाखालचं, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखालचं, घामाचं मीठ निघाल्याशिवाय परत तंग आवळू नका, कातडी सोलपटते.

पैसे घालायचेच तर पट्टीपेक्षा आधी थर्मामीटर घ्या. घोड्याचा नॉर्मल ताप ९९.५ ते १०१.५ फॅरेनहाइट, पळून आल्यावर वर जाणारच, पण पाणी मारूनही अर्ध्या तासात उतरेना किंवा अंग तापलेलं असून घामच येईना झाला, तर घरच्यांना विचारत बसू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा.