सही मोकळी राहावी म्हणून

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. एका मोठ्या विकासकाकडून दुप्पट पगाराची नोकरी चालून आली आहे, सोबत गाडी आहे, आणि कामाचे स्वरूप तू एका ओळीत लिहिले आहेस: बाहेरच्या आरसीसी कन्सल्टंटांकडून, म्हणजे इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा आखणाऱ्या सल्लागारांकडून, येणाऱ्या ड्रॉइंगमधले स्टील कमी करून घेणे. त्याच पत्राच्या शेवटी तू विचारतेस, की त्यापेक्षा हे सगळे सोडून गडचिरोलीला किंवा मेळघाटात एखाद्या संस्थेत रुजू व्हावे का, म्हणजे आयुष्य मूल्यांना धरून जगल्यासारखे होईल. या दोन टोकांच्या मधे तू आज स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून जे काम करतेस, त्याचा मात्र पत्रात उल्लेखच नाही. मला लिहायचे आहे ते त्या कामाविषयी.

आधी गडचिरोलीचे बोलू. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला आणि बंग दांपत्याची ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था १९८६ साली उभी राहिली, तेव्हा त्या डॉक्टरांच्या हातातले कौशल्य आणि तिथल्या माणसांची गरज यांचा नेमका सांधा जुळला होता. स्वतःच्या मनाला स्वस्थता मिळावी एवढ्याच हेतूने तिथे गेलेल्या माणसाचे ओझे बहुधा त्या संस्थेलाच वाहावे लागते. शिवाय मूल्यांचा विषय निघाला की आपण मध्यमवर्गीय लोक ही दोन-चार नावे घेतो, ‘ते काही आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणतो, आणि एकदा असे म्हटले की आपल्या टेबलावरच्या कागदाचे काय, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. थोरांच्या नावांचा हा असा उपयोग मला फार दिवस खटकत आला आहे. तुझे कौशल्य इमारत उभी ठेवण्याचे आहे. त्याची गरज जिथे खरोखर आहे तिथे तू जरूर जा, पण ती गरज तू बसतेस त्या ऑफिसपासून चार किलोमीटरवरच्या साइटवरही आहे.

कॉलमच्या रिंगचा, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या सळईचा, हूक घे. आय. एस. १३९२० हे भूकंपरोधक तपशिलांचे भारतीय मानक १९९३ साली आले आणि २०१६ साली सुधारले गेले. रिंगचे टोक १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात घुसवायचे, असे ते सांगते. सळ्या वाकवून बांधणाऱ्या फिटरला हे नको असते, कारण वेळ जास्त लागतो आणि त्याची मजुरी टनावर ठरलेली असते. तो नव्वद अंशांत वळवून मोकळा होतो. काँक्रीट भरले की दोन्ही हूक सारखेच अदृश्य होतात आणि एरवीच्या भारात कॉलमही सारखेच उभे राहतात. फरक पडतो तो जमीन हलते तेव्हा. सळ्यांबाहेरचे काँक्रीटचे कव्हर निखळते, नव्वद अंशांचा हूक उघडतो, रिंग सैल पडते आणि उभ्या सळ्या बाहेरच्या बाजूला वाकून कॉलम बसतो. काँक्रीट भरायच्या आदल्या संध्याकाळी, घरी जायची घाई असताना, कॉलमला एक फेरी घालून हूक पाहणारा आणि ते चुकलेले असतील तर उद्याचे काँक्रीट थांबवणारा माणूस हा आपल्या धंद्यातला मूल्ये पाळणारा माणूस. त्याचा सत्कार होत नाही. उलट आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी परत पाठवल्याबद्दल त्याला फोनवर बरेच ऐकून घ्यावे लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि माणसे गाढ झोपेत होती. त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला होता. मी तेव्हा तरुण होतो आणि पुढे दुरुस्तीच्या कामावर सास्तूरच्या बाजूला हिंडत होतो. दोन-अडीच फुटी जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद, आणि भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थराला एकमेकांत धरून ठेवील असा आरपार जाणारा लांब दगडच बहुतेक ठिकाणी बसवलेला नव्हता. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या गावांत उभ्या असलेल्या घरांच्या भिंतींना भोके पाडून असे आरपार दुवे बसवण्याचे काम आम्ही करीत होतो, तेव्हा गावातले गवंडी सांगत, की जुनी माणसे असा दगड घालीत असत, मग तो महाग पडू लागला आणि सुटला. कुणी जाणूनबुजून वाईट केले नव्हते. थोडेसे सुटले, त्याने काही झाले नाही, म्हणून आणखी थोडे सुटले.

हेच पुढे शहरात काँक्रीटमध्ये पाहायला मिळाले. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक अपार्टमेंट कोसळल्या, आणि त्यांतल्या कितीतरींचा तळमजला पार्किंगसाठी नुसत्या कॉलमवर उभा होता. महाडला तर भूकंपही लागला नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी तिथली पाच मजली इमारत खाली आली, १६ माणसे गेली, आणि इमारतीचे वय दहा वर्षांच्या आतबाहेर होते. गुन्हा दाखल झालेल्यांत आरसीसी कन्सल्टंटही होता. त्या खटल्याविषयी मी काही म्हणत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली सही किती काळ जिवंत असते, एवढेच तुझ्या लक्षात यावे.

आता तुझ्यापुढच्या नोकरीकडे वळतो. स्टील कमी करणे हे पाप आहे असे मी तुला कधी शिकवलेले नाही. विचार न करता सळ्या कोंबणारा इंजिनिअर ग्राहकाचे पैसे बुडवतो, शिवाय बीम-कॉलमच्या जोडात इतकी गर्दी करून ठेवतो की तिथे काँक्रीटच नीट उतरत नाही. पण हल्ली चौरस फुटाला किती किलो स्टील लागले, या एकाच आकड्यावर कन्सल्टंटांची तुलना होते. ज्याचा आकडा कमी त्याला पुढचा प्रकल्प, आणि ज्याचा जास्त त्याला ‘तुमच्यापेक्षा अमुक अमुक बसवून देतात’ हे वाक्य. तू ज्या खुर्चीवर बसणार आहेस, तिथून हे वाक्य तुला उच्चारायचे आहे. एखाद्या कन्सल्टंटने ‘याच्या खाली मी जाणार नाही’ असे लिहून दिले, तर शेवटचा शब्द कुणाचा, हे तू मुलाखतीत विचारलेस का? विचारले नसशील तर विचार. उत्तर ‘तुमचा’ असे असेल आणि नेमणूकपत्रात तसे लिहून मिळत असेल, तर दुप्पट पगारावर ती नोकरी खुशाल कर. तिथे बसलेल्या चांगल्या माणसाच्या हातून एकाच वेळी वीस इमारती नीट होऊ शकतात. उत्तर ‘कॉस्टिंगवाल्यांचा’ असे असेल, तर पगार दुप्पट कशासाठी आहे हे तुझे तुलाच कळेल.

दडपण नेहमी एकाच दिशेने येते असेही समजू नकोस. पूर्वी कच्ची इमारत पक्की म्हणून दाखवा असे सांगणारे भेटत. आता पुनर्विकासाच्या दिवसांत दुरुस्त होण्यासारखी इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरवा, असे सुचवणारेही भेटतात, कारण त्या एका शेऱ्याने विरोध करणारे रहिवासी बाहेर निघतात. अशा एका कामात आमच्या ऑफिसने दुरुस्ती सुचवणारा अहवाल दिला आणि त्या मंडळींकडून मिळायचे पुढचे काम गेले. ते वर्ष ओढाताणीचे गेले, पण निभावले, आणि त्याचे कारण माझा करारीपणा नव्हे. ऑफिसची जागा लहान व स्वतःची होती, डोक्यावर कर्ज नव्हते, आणि घरात हिला महिन्याचा हिशेब माहीत होता.

म्हणून मूल्यांच्या आधी मी तुझ्याशी हप्त्यांविषयी बोलेन. माणसाची सही विकली जाते ती बहुतेक वेळा लोभाने नव्हे, दर महिन्याच्या पाच तारखेच्या धास्तीने. पगार दुप्पट झाला की बँक स्वतःहून मोठे कर्ज देऊ करते, दोन खोल्यांच्या जागी चार खोल्या दिसू लागतात, मुलाची शाळा बदलते, आणि दोन वर्षांत अशी परिस्थिती येते की नोकरी जाणे परवडत नाही. त्यानंतर तुला कुणी धमकी द्यावीच लागत नाही. नव्या नोकरीत गेलीस तरी पहिली तीन वर्षे घरखर्च आजच्याच पगारावर चालव, आणि वरचे पैसे असे बाजूला टाक की वर्षभर काम नसले तरी घर हलणार नाही. हे तुझ्या जोडीदाराशी नोकरी स्वीकारण्याआधी बोल, नंतर नव्हे. एकट्याने ठरवलेली काटकसर घरात टिकत नाही आणि तिची भांडणे फार बोचरी असतात. सासरी-माहेरी लोक काय म्हणतील याचे उत्तर माझ्याकडे नाही. लोक म्हणायचे ते म्हणतात.

यावरून मी तुला कमी पैशांत काम करायला सांगतो आहे, असा अर्थ मुळीच काढू नकोस. आपल्या धंद्यातली निम्मी अधोगती कमी फीमुळे झाली आहे. जो कन्सल्टंट काम मिळवण्यासाठी फी पाडून घेतो, त्याला साइटवर जाणे परवडत नाही. मग तो फोनवर आलेले फोटो पाहून काँक्रीटला परवानगी देतो, आणि फोटोत हूकचा कोन दिसत नाही. पुढे स्वतःचे ऑफिस काढलेस तर पूर्ण फी माग, साइटभेटींचे पैसे वेगळे लाव, ते कागदावर घे, आणि हाताखालच्या मुलांना वेळेवर व नीट पगार दे. स्वतः तत्त्वनिष्ठ म्हणून मिरवणारे आणि ज्युनिअरांना रात्री दहापर्यंत तुटपुंज्या पैशांत राबवणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत. त्यांची ड्रॉइंग उत्तम असत, पण त्यांच्याकडे शिकलेली मुले पहिल्या संधीला कुठेही निघून जात, आणि मला त्यांत मुलांचा दोष दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या स्वभावामुळे लिहितो. नाही म्हणताना आवाज चढवू नकोस. कंत्राटदाराला सगळ्यांसमोर चोर ठरवले की तो हूक दुरुस्त करीत नाही, तू गेल्यावर काँक्रीट भरतो. फिटरला बाजूला घेऊन एक रिंग त्याच्याकडून वळवून घे, नव्वद अंशांचा हूक कसा उघडतो ते पान्याने त्याच्यासमोर उघडून दाखव, आणि जास्तीच्या वेळेचे पैसे त्याला मिळावेत यासाठी कंत्राटदाराशी तूच बोल. बरीच माणसे यानंतर नीट काम करतात. जी करीत नाहीत त्यांच्याबाबत लेखी सूचना काढायची, प्रत मालकाला पाठवायची आणि एक आपल्या फाइलला ठेवायची.

नोकरीचे उत्तर देण्याआधी त्या कंपनीच्या चालू असलेल्या एखाद्या साइटवर, कुणाला न कळवता, काँक्रीटच्या आदल्या दिवशी जाऊन ये. आत सोडले नाही तर तेही उत्तरच समज. सोडले तर तळमजल्याचे कॉलम पाहा, क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्यांचे, रजिस्टर माग, आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, एका बैठकीत भरल्यासारखे दिसतात का ते बघ. मग नेमणूकपत्राचा मसुदा माझ्याकडे पाठव; जबाबदारीचे कलम आपण एकत्र वाचू.

तुझा,
सर