ठाण्यात मोबाइलवर ३३ अंश दिसतं, पण जीव नकोसा होतो. हे उकडणं मोजता येतं का?

हो, मोजता येतं, पण नुसत्या तापमानावरून नाही. हवेचं तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन-भिंती-डांबरातून अंगावर येणारी उष्णता, हे चारही एकत्र धरावे लागतात. मोबाइलवरचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. म्हणून तलावपाळीच्या झाडाखाली बरं वाटतं आणि घोडबंदर रोडच्या उघड्या बसथांब्यावर उभं राहवत नाही. अंगावर येणारी ही उष्णता काळ्या पोकळ गोळ्यात तापमापक ठेवून मोजतात. उन्हात राबणाऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) निर्देशांकात ओल्या फडक्यातल्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोळ्याला २० आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के वजन आहे! आपल्याकडे घाम सुकतच नाही, त्याचा हिशेब त्या ७० टक्क्यांत येतो. एक मात्र सांभाळा: पीईटी (शरीराला एकूण किती तापमान जाणवतं ते अंशांत सांगणारा आकडा) या दुसऱ्या निर्देशांकाची १८ ते २३ अंशांची ‘आरामदायक’ मर्यादा मध्य युरोपासाठी ठरवलेली आहे, ती इथे जशीच्या तशी लावू नका. इथली मर्यादा ठरवायला इथल्या माणसांनाच रस्त्यात थांबवून ‘आत्ता कसं वाटतंय?’ हे उणे ३ (खूप थंड) ते अधिक ३ (खूप गरम) या पट्टीवर विचारावं लागतं.