बायसिंग करताना बीटावर विसंबू नका

तुमच्या अॅम्प्लिफायर सर्किटमध्ये बायसिंगसाठी, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट ठरवण्यासाठी, सप्लायपासून ट्रान्झिस्टरच्या बेसला एकच रेझिस्टर आहे, आणि ट्रान्झिस्टर बदलला की आवाज फाटतो. दोष ट्रान्झिस्टरचा नाही. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा बीटा (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट ते) ११० ते ८०० मध्ये कुठेही असू शकतो. बेसला १० मायक्रोअँपिअर दिले, तर ११० बीटाला कलेक्टर करंट १.१ मिलिअँपिअर येतो. ४०० बीटाचा नग लावला की तो सहज सॅच्युरेशनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे पूर्ण चालू होऊन तिथेच अडकतो. त्यात तापमान दर अंशाने वाढलं की बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं.

म्हणून डिव्हायडर बायस घ्या, म्हणजे दोन रेझिस्टरांनी सप्लायचं व्होल्टेज विभागून बेसला द्या, आणि एमिटरला रेझिस्टर लावाच. १२ व्होल्टवर वरचा १०० के (किलोओहम), खालचा १८ के, एमिटरला १ के, कलेक्टरला ४.७ के. एमिटरवर १ व्होल्टच्या आसपास मिळेल, म्हणजे करंट सुमारे १ मिलिअँपिअर. करंट वाढू लागला की एमिटर वर चढतो, बेस-एमिटर व्होल्टेज कमी होतं आणि करंट आपोआप आवरला जातो. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते!

एमिटर रेझिस्टरला समांतर बायपास कपॅसिटर लावला की गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) खूप वाढतो, पण विकृतीही वाढते. म्हणून एमिटर रेझिस्टरमधले १०० ओहम बायपासच्या बाहेर ठेवा.

सिग्नल देण्याआधी मीटरने कलेक्टरचं व्होल्टेज मोजा. ७ व्होल्टच्या जवळपास हवा. १२ दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे. एमिटरइतकाच दिसला तर सॅच्युरेट झालाय.