प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणजे विश्वास संपला का?

“रोज पवित्र शास्त्र वाचते, गुडघे टेकते, पण आत काहीच हलत नाही. माझा विश्वास संपला का, की देवानेच पाठ फिरवली?” पुण्यात समुपदेशन करताना ख्रिस्ती कुटुंबांतून येणाऱ्या अनेकांकडून मी हा प्रश्न ऐकला आहे. बहुतेकजण तो अगदी शेवटी, निघायची वेळ झाल्यावर विचारतात, कारण मंडळीत हे कोणापुढे बोलले तर आपल्याविषयी काय समजले जाईल याची त्यांना धास्ती असते. अशाच एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका, क्वार्टर गेटच्या परिसरात राहणाऱ्या. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालेला. यजमानांची कारखान्यात पाळ्यांची नोकरी, नणंद नगरला. त्यामुळे सासूबाईंचे सारे काही ताईंवरच येऊन पडले होते. रात्री दोनच्या सुमारास सासूबाई उठत, आपल्या नऊवारीचे गाठोडे बांधत आणि “मला घरी जायचंय” म्हणत दाराची कडी वाजवत. त्यांना समजावून पुन्हा निजवेपर्यंत चार वाजत आणि पाचला ताईंची प्रार्थनेची वेळ होई. ही वेळ त्यांनी लग्नाच्या आधीपासून पाळलेली होती.

दुसऱ्या भेटीला त्या आपली मननाची वही घेऊन आल्या. प्रत्येक पानावर तारीख, त्या दिवसाचा शास्त्रभाग, चार ओळी मनन आणि शेवटी एक छोटी प्रार्थना अशी त्यांची शिस्त होती. अलीकडच्या पानांवर मात्र नुसती तारीख आणि अध्यायाचा आकडा होता, आणि चुकलेल्या दिवसांवर त्यांनी मुलांच्या वहीत करावी तशी लाल फुली मारली होती. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा त्यांचा संकल्प होता. एकूण १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन ते चार. लेवीय पुस्तकात गाडी अडली, मागची बाकी वाढत गेली, आणि रोज सकाळी वही उघडली की सर्वांत आधी ती बाकीच डोळ्यांसमोर येऊ लागली. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर पहाटेच ‘आजचे वचन’ येई आणि त्याखाली इतरांचे ‘आमेन’ दिसत, तेव्हा आपण एकट्याच कोरड्या राहिलो असे त्यांना वाटे.

त्यांच्या प्रश्नावर मी लगेच उत्तर दिले नाही. आधी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, रात्री सलग झोप किती होते? “दोन, फार तर अडीच तास.” दुसरी, मन फक्त प्रार्थनेतच लागत नाही, की इतर कशातही लागत नाही? यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, भाचीच्या लग्नातही मला काही वाटलं नाही. वर्गात कविता शिकवायला मला किती आवडायचं, आता तीही नुसती वाचून टाकते.” मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला गाण्यात, जेवणात, माणसांत पूर्वीसारखा रस आहे आणि फक्त प्रार्थनेपाशी अडखळायला होते, त्याच्याशी बोलण्याची दिशा वेगळी असते. ज्याचे सगळेच बेचव झाले आहे, त्याच्याबाबतीत आधी शरीर आणि मन किती थकले आहे ते तपासावे लागते. मनाला आलेला बधिरपणा देवघेवीच्या, घरकामाच्या, शाळेच्या वेळी असतो तसाच तो प्रार्थनेच्या वेळीही असणार. त्या वेळेपुरता तो बाजूला ठेवता येत नाही.

गेल्या दोन आठवड्यांविषयीची नऊ प्रश्नांची नैराश्य-चाचणी आम्ही सोबत बसून भरली. तिच्यावरून निदान होत नाही, मात्र डॉक्टरांकडे जाण्याची गरज आहे का हे कळते. ती गरज स्पष्ट दिसत होती. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या आणि त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांची भेट असे मी सुचवले. ताई एकदम आखडल्या. “गोळ्या सुरू केल्या तर लोक म्हणतील, हिचा विश्वास कमी पडला.” शास्त्राचा आधार मी स्वतःहून कोणावर लादत नाही, पण त्या स्वतः त्याच भाषेत बोलत होत्या, म्हणून प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य लूक’ असा केल्याची त्यांना आठवण करून दिली. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते, तेव्हा तीमथ्याच्या विश्वासावर त्याने शंका घेतली नव्हती. तपासणीत हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले आणि नैराश्यावरील औषधही सुरू झाले.

पुढच्या भेटीत आम्ही एलीयाची कथा वाचली. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे परमेश्वराला म्हणतो. देवदूत त्याला बोल लावत नाही की उपदेशही करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवून तो त्याला उठवून खायला सांगतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि दुसऱ्यांदाही खाऊच घालतो. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा परमेश्वराचा प्रश्न होरेब डोंगराला पोहोचल्यावर येतो, म्हणजे झोप आणि अन्न मिळाल्यानंतर. ताईंनी हा भाग कित्येकदा वाचलेला होता, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलाही होता. “इथं तो दोनदा झोपतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,” असे त्या म्हणाल्या.

मात्र त्यांच्या मनावरचे खरे ओझे तिसऱ्या भेटीत बाहेर आले. एका रात्री त्यांनी सासूबाईंवर आवाज चढवला होता आणि दंड धरून त्यांना पलंगावर बसवले होते. “त्याच तोंडानं सकाळी देवाला काय सांगू?” मी ही गोष्ट हलकी करून सांगितली नाही. आजारी माणसाच्या अंगाला असा हात लागला, तर त्याची दखल घ्यायलाच हवी, आणि पुन्हा तसे होईल असे वाटले तर त्याच क्षणी खोलीबाहेर पडून घरातल्या कोणाला तरी हाक मारायची, असे आम्ही ठरवले. पण त्याच वेळी त्यांना हेही सांगितले की, रात्रीमागून रात्री एकट्या माणसाने इतके ओढत राहायचे ही मांडणीच चुकीची आहे. शास्त्रातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर घेतले, रात्रभर उतारशाळेत त्याची काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन त्याला उतारशाळेच्या मालकावर सोपवले, जास्त खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले आणि तो आपल्या वाटेला लागला. करुणेचे उदाहरण म्हणून प्रभू येशूने सांगितलेल्या या गोष्टीत दुसऱ्याची मदत घेतलेली आहे, तिच्यासाठी पैसेही मोजलेले आहेत.

त्यानंतर यजमान आणि नणंद यांना एकत्र बोलावले. पहिली पाळी असते त्या आठवड्यात रात्री आईच्या खोलीत यजमानांनी झोपायचे, दिवसा काही तास मदतीला एक मावशी ठेवायच्या आणि त्यांच्या पगाराचा निम्मा भाग नणंदेने उचलायचा, असे ठरले. नणंदेला ते सहज पटले नाही, दोन बैठका लागल्या. ताईंच्या संमतीने मी त्यांच्या पाळकांशीही बोलले. त्यांनी महिला मंडळातल्या दोघींना शनिवारी दुपारी सासूबाईंसोबत बसायला सांगितले, आणि ही मदत ताईंना गटावर आलेल्या कोणत्याही वचनापेक्षा अधिक उपयोगी पडली.

प्रार्थनेबाबत मी एकच सुचवले: जे वाटायला हवे ते लिहू नका, जे वाटते आहे ते लिहा. स्तोत्रसंहितेत तक्रारीच्या प्रार्थना विपुल आहेत. तेरावे स्तोत्र ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते शास्त्रात आहे. आणि प्रभू येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” देव जवळ वाटत नसतानाही ही हाक देवालाच मारलेली आहे. पुढच्या वेळी ताईंच्या वहीत एवढेच होते: “देवबापा, आज मला सासूबाईंचा फार राग आला. मला झोप हवी आहे. आमेन.” मला ती प्रार्थना पूर्ण वाटली.

स्मृतिभ्रंशात संध्याकाळ झाली की अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते, पण लहानपणी पाठ झालेले बोल आणि गाणी बराच काळ टिकून राहतात. म्हणून पहाटे पाचचा आग्रह सोडून दिवेलागणीला सासूबाईंचा हात हातात घेऊन प्रभूची प्रार्थना म्हणावी असे आम्ही ठरवले. “बाई, तू कोण गं?” असे सुनेला विचारणाऱ्या सासूबाई ती प्रार्थना एक शब्द न चुकता शेवटपर्यंत म्हणाल्या, आणि ऋणे सोडण्याच्या, म्हणजे क्षमेच्या, ओळीशी थांबून गेलेल्या ताईंना त्यांनीच पुढचा शब्द सांगितला.

ज्यांना हे वाचताना आपलीच स्थिती दिसते आहे, त्यांनी उदासी आणि निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नको असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. घरच्या माणसाला सांगावे आणि शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असते. पाळकांशी बोलणे आणि उपचार घेणे, दोन्ही एकाच वेळी चालू शकते.

ताईंची झोप काही आठवड्यांत सुधारली. वर्गातली कविता आधी परतली, प्रार्थनेतली ओढ बरीच नंतर, आणि तीही रोज नसते. वर्षभराचा संकल्प पुन्हा धरावा का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी तो निर्णय त्यांच्यावरच सोपवला. त्यांनी मार्ककृत शुभवर्तमान निवडले, सोळा अध्याय, कोणत्याही तारखा न घालता. शनिवारी दुपारी महिला मंडळातल्या त्या दोघी घरी आल्या की ताई ते वाचतात. सासूबाईंचा आजार वाढतोच आहे. औषध मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने अजून सुरू आहे, आणि आमची भेट आता महिन्यातून एकदा होते.