कारंजं बंद, बोट मात्र चालू: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

खाडीकाठच्या एका नव्या करमणूक संकुलाची जाहिरात दिवाळीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. संगीत कारंजं, तरंगतं उपाहारगृह, नौकाविहार. जाऊन आलेल्यांची पत्रं अजून येताहेत आणि गोंधळ तोच तोच आहे, म्हणून काही प्रश्न एकत्र घेते.

कारंजं बंद, उपाहारगृह 'लवकरच सुरू'. चौघांचे 3,200 रुपये गेले. तिकिटावर 'पैसे परत मिळणार नाहीत' असं छापलंय. म्हणजे विषय संपला का?

नाही. दाखवलं एक आणि दिलं दुसरंच, तर ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. तिकिटावरची ओळ कायद्यापेक्षा मोठी नाही. आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा. तक्रारी वाढल्या की जाहिरातच नाहीशी होते. तिकीट, पैसे भरल्याची नोंद आणि फोटो जोडून व्यवस्थापनाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सगळे पैसे मिळतील असं मात्र मी म्हणणार नाही. कागद आधी वकिलाला किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला दाखवा.

घरचा डबा आत नेऊ द्यायलाच हवा, असा कायदा आहे म्हणतात. खरं?

नाही.

20 रुपयांची पाण्याची बाटली 50 ला. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कुठेही गुन्हाच, असा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला होता.

असे संदेश पुढे ढकलणं कृपा करून थांबवा. बसवून वाढणाऱ्या हॉटेलांना छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच सांगितलं आहे. नुसत्या टपरीवर बंद बाटली हातात दिली असेल तर गोष्ट वेगळी. पावती घेऊन वैधमापन शास्त्र कार्यालयात, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात, जा.

बोटीत मुलाला दिलेलं जॅकेट मोठ्या माणसाचं होतं, पट्टा तुटलेला. आम्हाला मिळालंच नाही. आधी 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही घेतली होती. आम्ही भांडायला हवं होतं का?

भांडण्यापेक्षा बोटीत चढायलाच नको होतं. कारंज्याचे पैसे बुडाले तर बुडाले, हे तसं नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावावर शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तेही करमणुकीचंच ठिकाण होतं, आणि पाणी तळ्याचं होतं, समुद्राचं नव्हे. 'इथे पाणी उथळ आहे', 'पाचच मिनिटांची फेरी आहे' हे मी प्रत्येक धक्क्यावर ऐकते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. जॅकेट वजनाप्रमाणे हवं. ते घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्या मुलासाठी नाही. लहान मुलाला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. बोटीवर क्षमता लिहिलेली शोधा आणि माणसं मोजा. पोहता येणाऱ्यांनीही जॅकेट घालायचं. आणि ती सही? हलगर्जीपणाची जबाबदारी अशा कागदाने आपोआप सुटत नाही. पण कुणाला इजा झाली असेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका; वैद्यकीय कागद घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.

ऑनलाइन तिकीट 799 दिसलं, शेवटी 1,140 झालं. विमा आपोआप जोडलेला.

ही जुनी चलाखी आहे आणि आता तिला नाव आहे: डार्क पॅटर्न. केंद्र सरकारच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे 13 प्रकार आहेत. किंमत शेवटपर्यंत लपवणं आणि न विचारता वस्तू जोडणं हे दोन्ही त्यांत येतात. 1915 वर नोंदवा.

आमची भेट दीड वर्षापूर्वीची. मेहुणे म्हणतात, ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला तीन वर्षं मुदत असते.

दोन वर्षं. तुमच्याकडे सहा महिने उरलेत, त्यातले दोन पत्रव्यवहारात जातील. सोमवारी सल्ला घ्या.