गोव्यात रापण (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं), होड्या आणि मच्छीमार यांचे फोटो काढायला कुठे आणि किती वाजता जावं? नवा कॅमेरा आहे, कोणती लेन्स घेऊ?

लेन्सचं आधी सांगून टाकतो. 35 किंवा 50 मिमी पुरे. लांबलचक टेलिफोटो लावून वाळूच्या टेकडीवरून रापण टिपणारे लोक मला आवडत नाहीत. ज्याच्या घामाचा फोटो हवा, त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? जागा म्हणाल तर पेडण्यात मोरजी, मांद्रे, केरी, सासष्टीत बाणावली, आणि थेट बेतूलची जेटी. जा सकाळी. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन माडांवरून येतं आणि समोरच्या होड्या उजळतात. रापण ओढताना दोराच्या बाजूला उभं राहिलात तर चेहरे नीट मिळतात. संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा धरला की माणसाची नुसती काळी आकृती उरते. लोकांना ती फार आवडते. मला नाही, कारण त्यात माणूस कोण हे कळत नाही.

हा प्रश्न वाचून लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. मी पेडण्याच्या किनाऱ्यावरचा, घर गाबिताचं, म्हणजे मच्छीमाराचं. माझे थोरले काका रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. काही वर्षांपूर्वी पणजीतल्या एका फोटो स्पर्धेला मी त्यांचा फोटो पाठवला होता. होडी पाण्यात लोटताना काका पुढे, मागे आऊटबोर्ड इंजिन, वाळूवर निळे क्रेट, आणि माझा चुलतभाऊ फुटबॉलच्या जर्सीत. परीक्षक म्हणाले, क्षण छान पकडलाय, पण इंजिन आणि क्रेट पुसून टाकायला हवे होते, जर्सीमुळे परंपरा दिसत नाही. फोटो भिंतीवर लागलाच नाही.

काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर प्रदर्शनाला आले होते. तिथे बक्षीस मिळालेल्या फोटोपुढे ते थांबले. कृष्णधवल, सुरकुत्या ठसठशीत, खाली लिहिलेलं ‘सागरपुत्र’. फोटो त्यांचाच होता. बाहेरून आलेल्या कुणीतरी कधीतरी दुरून काढलेला. काकांनी तिथल्या पोराला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, कुणीतरी मच्छीमार आहे. काका म्हणाले, ‘मी तो.’ पोराने एकदा फोटोकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं, आणि तो चहा आणायला धावला. काका रागावले नाहीत. बसमध्ये मला एवढंच म्हणाले, ‘तू काढशील त्याखाली नाव घाल मरे.’

त्या परीक्षकांशी माझा वाद अजून चालू आहे. ते म्हणतात, मी कला आणि पुरावा यांची गल्लत करतो. माझं म्हणणं असं, की ते इंजिन पुसलं तर फोटोत उरतं काय? सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी खरवडू लागले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. त्या लढ्यानंतर 1980 चा सागरी मासेमारी कायदा झाला. तरी रापणी कमी होतच गेल्या, आणि ज्यांना टिकायचं होतं त्यांना इंजिन लावून लांब जावं लागलं. ही सगळी हकिगत त्या इंजिनात आहे. ते पुसणाऱ्याला मच्छीमार नको असतो, कॅलेंडर हवं असतं.

परंपराच हवी असेल तर ती दाखवायला कॅमेरा खाली न्या. रापणीची जुनी लाकडी होडी खिळ्यांनी जोडलेली नसते, काथ्याने शिवलेली असते. त्याच विद्येचं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि 2025 मध्ये नौदलात दाखल झालं, तेव्हा सगळे कॅमेरे तिकडे वळले. फार चांगली गोष्ट झाली. पण माडाच्या झावळ्यांखाली कुजत पडलेल्या होड्यांच्या शिवणीचे फोटो कोण काढतं? ते तुम्ही काढा. तिरप्या उन्हात काथ्याचा पीळ न् पीळ दिसतो. आणि ती कुणी शिवली ते घरात विचारून लिहून ठेवा, सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.

आमच्याकडच्या तारवटींनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी, परदेशातल्या बंदरांतून घरी पाठवलेले फोटो ट्रंकेतून काढून बघा. मागे शाईने नाव, बंदर, साल. स्टुडिओतला पडदा खोटा असायचा, पण माणूस कोण याबद्दल शंका नसायची. तसंच करा. माणसाचं नाव, होडीचं नाव, गाव, महिना, जाळ्यात काय आलं, तारले की बांगडे. फोटोची प्रत नेऊन द्या. ‘पुन्हा एकदा पाग (हाताने फेकायचं जाळं) मारा’ असं कॅमेऱ्यासाठी कुणाला सांगू नका, आणि जमलं तर दोराला हात लावा.

जून-जुलैत 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा किनाऱ्यावर कोणी फोटोवाला फिरकत नाही, पण जाळी विणणारे हात तेव्हाच निवांत सापडतात. चतुर्थीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याचा सांगोड, म्हणजे जोडलेल्या होड्यांवरून निघणारी गणपती विसर्जनाची मिरवणूक, चुकवू नका.

आता राहिलेलं. नाव घालण्याआधी विचारा. कुणाला नको असेल तर नको. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री फ्लॅश अजिबात मारू नका. मुरगाव बंदर आणि नौदलाचा परिसर इथे परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. खारं पाणी उडालं तर लेन्स कोरड्या कापडाने घासू नका, मीठ काचेवर ओरखडे काढतं, कापड गोड्या पाण्यात किंचित भिजवून टिपा. पावसाळ्यात सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

यंदाच्या स्पर्धेला मी तोच फोटो पुन्हा पाठवतोय, इंजिनासकट, खाली काकांचं पूर्ण नाव आणि होडीचं नाव घालून.