‘टास्क ऑर्डर’ आणि ‘डिलिव्हरी ऑर्डर’ : मराठीत काय लिहावे?

प्रश्न : अमेरिकी सरकारी खरेदीवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. ‘टास्क ऑर्डर कॉन्ट्रॅक्ट’ आणि ‘डिलिव्हरी ऑर्डर कॉन्ट्रॅक्ट’ या संज्ञा त्यात जागोजागी येतात. मी ‘कार्यादेश करार’ आणि ‘वितरण आदेश करार’ असे केले. सहकारी म्हणतात, दोन्हींना सरळ ‘दरकरार’ लिहा. कोणते बरोबर?

उत्तर : माझ्या मते तिन्ही शब्द टाळावेत. सर्वात जास्त घोटाळा ‘दरकरारा’ने होईल, कारण तो शब्द चुकीचा वाटतच नाही.

आधी मूळ अर्थ पाहू. अमेरिकी केंद्र सरकारच्या खरेदी नियमावलीत, म्हणजे फेडरल ॲक्विझिशन रेग्युलेशनमध्ये, 16.5 हा उपभाग या करारांचा आहे. पुढची काही वर्षे एखादी गोष्ट लागणार हे नक्की, पण किती आणि कधी हे आज सांगता येत नाही, अशा खरेदीसाठी तो लिहिलेला आहे. मूळ करार आधी होतो आणि गरज पडेल तशी त्याखाली एकेक मागणी निघते. वस्तूंसाठी निघते ती डिलिव्हरी ऑर्डर, सेवांसाठी निघते ती टास्क ऑर्डर. दोन शब्दांतला फरक एवढाच आहे आणि भाषांतरात तो स्वच्छ दिसला पाहिजे.

आता ‘वितरण’. मराठीत वितरण म्हणजे एका ठिकाणाहून अनेकांना वाटणे. धान्याचे वितरण होते, विजेचे होते. महावितरण हे नावच त्यावरून आले. खरेदीदाराने पुरवठादाराला ‘माल माझ्याकडे पोचव’ असे सांगणे म्हणजे वितरण नव्हे. शिवाय ‘डिलिव्हरी ऑर्डर’ हा शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. न्हावा-शेव्याला क्लिअरिंगचे काम करणाऱ्यांना विचारा. त्यांची ‘डीओ’ म्हणजे जहाज कंपनीने किंवा तिच्या एजंटाने दिलेला कागद : या आयातदाराला माल सोडा. साखरेच्या व्यापारातही डीओ असते, ती दाखवून कारखान्याच्या गोदामातून पोती उचलायची. दोन्हीकडे आदेश ज्याच्या ताब्यात माल आहे त्याला जातो आणि माल तयार असतो. अमेरिकी खरेदीत दिशा उलटी आहे. तिथे ऑर्डर हीच खरेदी असते, माल कदाचित अजून बनायचाही असतो. म्हणून डिलिव्हरी ऑर्डर नुसती देवनागरीत लिहून सोडली, तर मुंबईतला वाचक हमखास बंदराचा अर्थ घेईल.

‘कार्यादेश’ची अडचण वेगळी. सार्वजनिक बांधकाम विभागात किंवा जिल्हा परिषदेत निविदा मंजूर झाली, सुरक्षा ठेव भरली, करारनामा झाला की ठेकेदाराच्या हातात ‘कार्यारंभ आदेश’ पडतो, आणि बोलताना त्यालाच ‘कार्यादेश’ म्हणतात. तो एका करारामागे एकदाच निघतो आणि ठरलेले सगळे काम सुरू करायला सांगतो. टास्क ऑर्डर एका कराराखाली दहा निघतील, शंभर निघतील, प्रत्येकीचे काम वेगळे, मुदत वेगळी, रक्कम वेगळी. एकच शब्द दोन्हींना दिला तर ‘तिसरा कार्यादेश’ वाचून आपला अभियंता विचारणार की काम दोनदा बंद पडले होते का.

‘दरकरारा’कडे येतो. आपल्या पद्धतीत दरकरार म्हणजे पुरवठादाराने या दराने माल देईन अशी धरून ठेवलेली तयारी. केंद्राचे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर 2017 अखेर बंद होईपर्यंत असे दरकरार करत असे आणि त्यांत सरकार किती माल उचलेल याची कसलीही हमी नसे. बांधिलकी पुरवठा आदेश निघाला की, त्या आदेशापुरतीच. अमेरिकेतल्या ज्या प्रकाराबद्दल तुम्ही लिहिता आहात, म्हणजे एकूण परिमाण आधी न बांधणारा ‘इनडेफिनिट क्वांटिटी’ करार, त्यात किमान परिमाण लिहावेच लागते आणि ते नावापुरते असून चालत नाही. कारण कायद्याचे आहे : एका बाजूने काहीच कबूल केले नाही तर प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारे काही, उरत नाही आणि करार करारच राहत नाही. समजा, एका लष्करी तळाने पाच वर्षांसाठी खुर्च्यांचा करार केला, किमान 200, कमाल 6000. सहाव्या हजारापर्यंत सरकारने जायलाच हवे असे नाही, पण पहिल्या 200 खुर्च्या घ्यायला ते बांधील आहे. तळच बंद झाला तरी पुरवठादार त्या 200 बद्दल दाद मागू शकतो. आपल्या दरकराराच्या पुरवठादाराला हा आधार नाही. अनुवाद वाचणारा माणूस उद्या निविदा भरणारा असेल, तर हा फरक त्याच्या खिशाशी जोडलेला आहे.

दुसरे म्हणजे, त्या करारात दर ठरलेला असेलच असेही नाही. 1994 च्या फेडरल ॲक्विझिशन स्ट्रीमलायनिंग कायद्यापासून तिथे एकाच कामासाठी अनेक पुरवठादारांशी करार करण्याला पसंती आहे. मग काही अपवाद वगळता प्रत्येक ऑर्डरच्या वेळी त्या सगळ्यांना रास्त संधी द्यावी लागते, आणि किंमतही पुष्कळदा तेव्हाच ठरते. दर नंतर ठरणार असेल तर ‘दरकरार’ नावातला पहिलाच शब्द खोटा पडतो. (‘रास्त संधी’ मी मुद्दाम लिहिले. रास्त भाव दुकानामुळे ‘रास्त’ सरकारी मराठीत मुरलेला आहे आणि तो इथे नेमका बसतो.)

मग काय लिहावे? मी ‘मागणीनिहाय पुरवठा करार’ आणि ‘मागणीनिहाय सेवा करार’ असे लिहीन. ‘मागणीनुसार’ नको, त्यात मागाल तेव्हा आणि मागाल तितके असा सैल अर्थ येतो. ‘निहाय’ आपल्याला जिल्हानिहाय, विभागनिहाय यांतून परिचित आहे, त्यात एकेक सुटे मोजण्याचा भाव आहे. आणि हा करार एकेका मागणीवरच चालतो. त्याखाली निघणारी ऑर्डर वस्तूंसाठी असेल तर ‘पुरवठा आदेश’. हा शब्द आपल्या खरेदी शाखांत रोज वापरला जातो. सेवांसाठी ‘सेवा आदेश’. मात्र आपल्या कार्यालयांत ‘सेवा’ म्हणजे कर्मचाऱ्याची नोकरी, सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता. म्हणून तो शब्द एकटा न सोडता ‘करारातील सेवा आदेश’ असा निदान पहिल्यांदा तरी लिहा.

तुमच्या मजकुरात ‘इनडेफिनिट क्वांटिटी’ही येणारच. त्याला ‘अनिश्चित’ लावू नका. ‘अनिश्चित पुरवठा’ वाचला की नळाला पाणी येईल की नाही अशी शंका मनात येते. आपल्याकडे ‘अनियत’ हा उत्तम शब्द आहे. साठोत्तरी काळात निघालेल्या अनियतकालिकांनी तो मराठी वाचकाच्या ओळखीचा केला : निघणार, पण कधी ते बांधलेले नाही. त्याच न्यायाने ‘अनियत-परिमाण करार’.

क्रियापदाचेही सांभाळा. बोलण्यात ऑर्डर ‘देतात’, कार्यालयात आदेश ‘काढतात’. ‘आदेश दिला’ म्हटले की न्यायालय किंवा वरिष्ठ डोळ्यांपुढे येतो. तेव्हा ‘या कराराखाली तळाने पहिला पुरवठा आदेश काढला’ असे लिहा, आणि ‘निर्गमित केला’ हा जड प्रकार अगदीच कायदेशीर कलम असेल तरच वापरा.